वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त)

आम्ही ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळ, गेली २४ वर्षे राहतो. धाकटे दीर टेक्सासमध्ये असतात. यजमान डेमोक्रॅटिक पक्षाचे, तर दीर रिपब्लिकन. मतभेद जुनेच आहेत, म्हणून २०२० च्या निवडणुकीनंतर मीच नियम केला की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण आणायचे नाही. तो कसाबसा पाळला गेला. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटामध्ये उजव्या विचारांचे, ट्रम्प-समर्थक वक्ते चार्ली कर्क यांची हत्या झाली. त्या रात्री दिरांनी ग्रुपवर लिहिले, ‘हे डावे म्हणजे देशाला लागलेली कीड आहे, ती साफ झालीच पाहिजे.’ यजमानांनी दोन मिनिटांत उत्तर दिले, ‘पेरलं तेच उगवलं.’ त्या उत्तराला तिघांनी अंगठा दिला आणि त्यात माझा १९ वर्षांचा मुलगाही होता. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. ज्या काकाने सायकल शिकवली, त्याला मुलगा आता फॅसिस्ट म्हणतो. दिरांनी मला एकटीला विचारले, ‘वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ मी उत्तर दिले नाही. मते माझी यजमानांसारखीच आहेत. येत्या डिसेंबरात साताऱ्याला सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि दोन्ही मुलांनी शेजारी बसावे अशी त्यांची इच्छा आहे. मी ग्रुप बंद करू का? कोणाचे चुकले म्हणून सांगू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर माझे मन सर्वांत जास्त वेळ अडकले ते त्या तीन अंगठ्यांपाशी. दिरांचे वाक्य आणि यजमानांचे वाक्य रागाच्या भरात लिहिले गेले, हे समजण्यासारखे आहे. अंगठा देणारा मात्र थोडा शांत असतो, त्याने वाक्य वाचलेले असते आणि ते आपल्या बाजूचे आहे एवढे पाहून तो त्यावर पसंतीची खूण करतो. अमेरिकेच्या राजकारणातील भडक भाषेचा इतिहास पाहिला, तर बोलणाऱ्यापेक्षा या खूण करणाऱ्यांनीच अधिक नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२२ मे १८५६ रोजी अमेरिकी सिनेटच्या सभागृहात घडलेला प्रसंग तुमच्या मुलाने शाळेत शिकलेला असेल. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी गुलामगिरीच्या विरोधात दोन दिवस भाषण केले होते आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांची अत्यंत बोचऱ्या शब्दांत टर उडवली होती. बटलर यांचे नातलग आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रुक्स दोन दिवसांनी सभागृहात आले आणि बाकावर लिहीत बसलेल्या समनर यांना त्यांनी सोन्याच्या मुठीच्या काठीने, ती काठी मोडेपर्यंत, मारले. बाक जमिनीला जखडलेला असल्यामुळे समनर यांना चटकन उठताही आले नाही. सिनेटच्या कामात पूर्णपणे परतायला त्यांना सुमारे तीन वर्षे लागली. मला या प्रसंगातील सर्वांत भयंकर भाग वाटतो तो त्यानंतरचा. दक्षिणेतील लोकांनी ब्रुक्स यांना नव्या काठ्या भेट म्हणून पाठवल्या आणि त्यांनी राजीनामा दिल्यावर मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. पाच वर्षांनी त्या देशात यादवी युद्ध सुरू झाले. गुलामगिरीच्या प्रश्नात समनर यांची बाजू न्यायाची होती, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही, पण टपालाने काठ्या पाठवणारी ती साधी, घरंदाज, देवभीरू माणसे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता तुमच्या घरातील दोन वाक्यांकडे वळू. दिरांचे वाक्य माणसांना कीड ठरवते. साताऱ्याच्या मातीत वाढलेल्या माणसाला कीड म्हणजे काय आणि तिचे काय करतात, हे सांगायला नको; तिच्यावर औषध फवारतात आणि ती मेली की समाधान वाटते. ज्या वाक्यात माणूस कीड झाला, त्या वाक्याने पुढची कृतीसुद्धा सुचवून ठेवलेली असते. त्यांनी ‘साफ झालीच पाहिजे’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्या मनात असे काही नसणार, याची मला खात्री आहे, तरीही वाक्याचा अर्थ तोच राहतो. आणि त्या किडीत त्यांचा सख्खा भाऊ, वहिनी आणि पुतण्या येतात, हे लिहिताना त्यांच्या ध्यानातही आले नसावे. यजमानांचे वाक्य वरवर सौम्य दिसते, कारण ती म्हण आपण शेजाऱ्याच्या उनाड मुलाबद्दलही सहज वापरतो. पण एका माणसाचा खून झालेल्या रात्री ती म्हण लिहिली की बंदूक चालवणारा हात वाक्यातून नाहीसा होतो, खून हा जणू ऋतुमानाने आलेला पीक-पाण्याचा प्रकार ठरतो आणि मेलेला माणूसच त्याला जबाबदार होतो. कर्क हे भाषण देणारे ३१ वर्षांचे गृहस्थ होते, त्यांना दोन लहान मुले होती आणि विद्यापीठाच्या आवारात, प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्यांना गोळी घातली गेली. त्यांची मते यजमानांना कितीही घातक वाटत असली, तरी ‘पेरलं तेच उगवलं’ हे त्या रात्री लिहिण्याचे वाक्य नव्हते.

त्याच वर्षी १४ जून रोजी मिनेसोटामध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांना त्यांच्या घरात शिरून ठार मारण्यात आले, आणि दुसऱ्या एका आमदाराला व त्यांच्या पत्नीला त्याच माणसाने गोळ्या घातल्या. त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर काय लिहिले गेले होते, हे एकदा मागे जाऊन पाहा. काहीच लिहिले गेले नसेल, तर तेही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांवर झालेला गोळीबार, २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्या पतीवर घरात घुसून हातोड्याने केलेला हल्ला, २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियात डोनाल्ड ट्रम्प यांच्या कानाला लागलेली गोळी आणि त्याच सभेत मृत्यू पावलेला प्रेक्षक: यांतील कोणती घटना कुणाला पाठ आहे आणि कोणती कुणाच्या स्मरणातून गळली आहे, यावरून त्या माणसाचा पक्ष ओळखता येतो, अशी आजची परिस्थिती आहे.

मी ‘दोन्ही बाजू सारख्याच’ असे म्हणून सुटका करून घेणार नाही. राष्ट्राध्यक्षाच्या किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या शब्दाचे वजन टेक्सासमधल्या तुमच्या दिरांच्या शब्दापेक्षा हजारपटीने जास्त असते. ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या सभेत आपल्या विरोधकांबद्दल बोलताना घरात शिरणाऱ्या उपद्रवी जीवजंतूंसाठी वापरला जाणारा शब्द वापरला, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर चालून गेलेला जमाव कोणत्या भाषेवर पोसला होता, हे साऱ्या जगाने पाहिले. त्याचबरोबर सप्टेंबर २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना एकगठ्ठा तिरस्करणीय ठरवून टाकले, दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘निम्म्या’ या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला, पण ‘तिरस्करणीय’ हा शब्द त्या समर्थकांनी सदऱ्यांवर छापून घेतला आणि अजून विसरलेले नाहीत. तुमचे दीर त्यांतले असतील, तर त्यांना त्या दिवशी जे लागले, ते खरोखरच लागले होते, एवढे तुम्ही मान्य करायला हरकत नाही. ते मान्य केल्याने दुसरे काही माफ होत नाही.

दोघा भावांना एक गोष्ट सांगता आली तर सांगा: हे शब्द त्यांचे स्वतःचे नाहीत, ते उसने आहेत. अमेरिकेत १९८७ पर्यंत असा नियम होता की रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांनी वादाच्या विषयात दुसऱ्या बाजूलाही वाव द्यावा. तो नियम रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा एकतर्फी, चढ्या आवाजातला कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला. १९९० मध्ये रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखालील समितीने रिपब्लिकन उमेदवारांना शब्दांची यादीच पाठवली. विरोधकांबद्दल बोलताना ‘भ्रष्ट’, ‘आजारी’, ‘देशद्रोही’ असे शब्द वापरावेत, असे त्यात सांगितलेले होते. चार वर्षांनी त्या पक्षाला प्रतिनिधिगृहात ४० वर्षांनंतर बहुमत मिळाले आणि हा धंदा चालतो, हे सर्वांच्याच ध्यानात आले. मग वृत्तवाहिन्या आल्या, मग समाजमाध्यमे आली. फेसबुक आणि ट्विटरवरील लाखो मजकुरांचा अभ्यास करणारे एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मजकुरात विरोधी बाजूचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला की तो पुढे पाठवला जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. म्हणजे आपल्याच माणसांबद्दल चांगले लिहिण्यापेक्षा समोरच्याला लागेल असे लिहिणे अधिक खपते. यजमानांचा फोन आणि दिरांचा फोन त्यांना दररोज याच दुकानातला माल दाखवतात, फक्त पाट्या वेगळ्या.

यातून होते काय, तर समोरचा माणूस कसा आहे याची कल्पनाच बिघडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारले होते की रिपब्लिकन पक्षाच्या लोकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे किती असतील. सरासरी उत्तर ३८ टक्के आले, प्रत्यक्ष प्रमाण होते २ टक्के. डेमोक्रॅट्समध्ये समलिंगी वा उभयलिंगी व्यक्ती किती, याचे उत्तर आले ३२ टक्के, प्रत्यक्ष प्रमाण ६ टक्के. १९६० मध्ये आपल्या मुलाने वा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केलेले आवडणार नाही, असे सांगणारे अमेरिकी लोक शंभरात पाचच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांत ते जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅट्समध्ये एक तृतीयांश झाले. आपण मराठी माणसे हे आकडे वाचून लगेच ओळखतो की पक्षाची जात झाली. जातीत जन्मलेल्या माणसाची मते काय आहेत, हे कुणी विचारत नाही, आडनाव ऐकले की पुरते. दोन भाऊ एकाच घरात, एकाच आडनावाने वाढले आणि परदेशात जाऊन त्यांनी दोन जाती पत्करल्या, हे मला फार दुःखद वाटते. आपल्याकडची भाऊबंदकी निदान बांधावरून होते, आणि बांध डोळ्यांना दिसतो.

आता तुमचे प्रश्न. ग्रुप बंद करू नका. राजकारणाची बंदी तुम्ही चांगल्या हेतूने घातली होती, पण त्या बंदीखाली दोघांनी पाच वर्षे एकमेकांचे काहीच ऐकले नाही आणि ज्या दिवशी झाकण उडाले, त्या दिवशी फक्त वाफच बाहेर आली. स्थलांतर, गर्भपात, बंदुका, मतदानाचा हक्क हे प्रश्न किरकोळ नाहीत, त्यांवर माणसांची आयुष्ये अवलंबून आहेत. अशा प्रश्नांवर दोन प्रौढ भावांनी तावातावाने बोलावे, टेबलावर हात आपटावा, मला त्यात काही गैर दिसत नाही. ‘तुझ्या पक्षाच्या या धोरणाने अमुक कुटुंबाची ताटातूट होईल’ हे कठोर वाक्य आहे आणि ते बोललेच पाहिजे. ‘तुम्ही कीड आहात’ हे वाक्य कठोर नाही, त्यात मुद्दाच नाही. मुलालाही हाच फरक सांगा. काकाला फॅसिस्ट म्हणण्याऐवजी काकाने कोणती गोष्ट पाठीशी घातली आणि ती का वाईट आहे, हे त्याने काकाला तोंडावर विचारावे. १९ वर्षांचा मुलगा आहे, अन्यायाची चीड त्याला असलीच पाहिजे. ती चीड एका शिक्क्यात संपू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

कोणाचे चुकले, असे विचाराल तर दोघांचेही. पण सुरुवात यजमानांपासून करा, आणि त्याचे कारण त्यांची चूक मोठी आहे असे नाही. तुमची मते त्यांच्या बाजूची आहेत, म्हणून तुमच्या सांगण्याला तिथेच किंमत आहे. दिरांना तुम्ही थांबवायला गेलात, तर तो दुसऱ्या पक्षाचा आणखी एक हल्ला ठरेल.

१० ऑक्टोबर २००८ रोजी मिनेसोटातील लेकव्हिल येथे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मकेन यांची सभा होती; त्यांची लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांशी होती. मतदानाला जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते आणि ते मागे पडत चालले होते. प्रेक्षकांतील एक बाई माईक हातात घेऊन म्हणाल्या की ओबामांवर त्यांचा विश्वास नाही, ते अरब आहेत. मकेन यांनी मान हलवत त्यांच्या हातातून माईक परत घेतला आणि म्हणाले, नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आणि नागरिक आहेत, त्यांच्याशी माझे मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत आणि ही निवडणूक त्याबद्दलच आहे. त्याच सभेत थोड्या वेळापूर्वी ओबामांना घाबरण्याचे कारण नाही असे त्यांनी म्हटले, तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी नापसंतीचा गलका केला होता. त्या उत्तरातही एक उणीव राहिली, कारण अरब असणे आणि सभ्य असणे यांत विरोध नाही, हे त्यांनी सांगायला हवे होते. तरीही, हरत असलेल्या माणसाने स्वतःच्या मतदाराच्या हातातून माईक काढून घ्यायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार करा. त्याहून जुने उदाहरण मार्गारेट चेस स्मिथ यांचे आहे. सिनेटर जोसेफ मॅकार्थी सरसकट माणसांना देशद्रोही ठरवत सुटले होते, तेव्हा १ जून १९५० रोजी सिनेटमधील या एकमेव महिलेने, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाची असून, उभे राहून सांगितले की भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्या पाठीवर बसून आपल्या पक्षाने जिंकू नये. सहा सहकाऱ्यांनी त्यांच्या निवेदनावर सही केली आणि मॅकार्थींनी त्या सर्वांची टवाळी केली. सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांचा निषेध केला, त्याला आणखी साडेचार वर्षे जावी लागली.

तेव्हा यजमानांना एकांतात सांगा की कर्क यांची मते तुम्हालाही मान्य नव्हती, पण ती म्हण तुम्हाला लागली आणि मुलाने तिला अंगठा दिला, हे त्याहून जास्त लागले. ती म्हण त्यांनी ग्रुपवरच मागे घ्यावी, जिथे लिहिली तिथेच. एक वाक्य पुरे: ‘त्या रात्री मी जे लिहिले ते चुकीचे होते.’ त्यापुढे ‘पण’ नको. दिरांनी अजून आपले वाक्य मागे घेतलेले नाही, असे ते म्हणतील, आणि ते खरेच आहे. त्यांना सांगा की पहिला माईक कुणीतरी काढून घ्यावा लागतो.

दिरांच्या प्रश्नालाही उत्तर द्या, ते तुम्ही टाळले आहे आणि तेही त्यांना लागले असणार. खरे उत्तर द्या. ‘भाऊजी, मते माझी तुमच्या दादासारखीच आहेत, ती बदलणार नाहीत. पण तुम्ही लिहिलेल्या किडीत मी येते का, एवढे मला सांगा.’ हे लिहून पाठवू नका, फोन करून बोला आणि मग थांबा. ते गप्प राहिले, तर राहू द्या.

दोघे बोलू लागले, की एक गोष्ट करून पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये तुमच्याच ओहायोत, साउथ लेबनन येथे, ट्रम्प यांना मत दिलेले दहा आणि क्लिंटन यांना मत दिलेले अकरा जण एकत्र बसले होते. बिल डोहर्टी या कुटुंब-समुपदेशकांनी, बिघडलेल्या संसारांना सावरताना जे वापरतात तेच तंत्र तिथे वापरले, आणि त्यातूनच पुढे ‘ब्रेव्हर एंजल्स’ ही संस्था उभी राहिली. त्यांच्या एका उपक्रमात प्रत्येक गट स्वतंत्र बसून लिहितो की दुसरे लोक आपल्याबद्दल कोणते गैरसमज बाळगतात, त्यांत चुकीचे काय आहे आणि त्यांत तथ्याचा कण कुठे आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना माणसाला स्वतःच्या बाजूकडे पाहावे लागते. यजमान आणि दीर यांना हे कागदावर लिहायला सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या घरी, रात्री जेवणे आटोपल्यावर, ओसरीवर चहा घेताना तुम्ही सहज विचारू शकता. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे, एवढे पथ्य ठेवा. फोन आतल्या खोलीत असू द्या.

आणि जर दीर धमकीची भाषा करू लागले, किंवा यजमान मेलेल्या माणसांवर पुन्हा हसू लागले, तर तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडा आणि का पडलात ते एका ओळीत लिहून पडा. नाते म्हणून सारे ऐकून घ्यावे, असे मी तुम्हाला कधीही सांगणार नाही.

सासूबाईंपासून लपवू नका. ८१ वर्षे जगलेल्या बाईला, दोन्ही मुले एकाच व्हिडिओ कॉलवर का दिसत नाहीत, हे न कळण्याइतकी ती भोळी असेल असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या पक्षांची नावे सांगण्याची गरज नाही. ‘दोघे भांडले आहेत, दोघांनीही एकमेकांना वाईट बोलले आहे, आम्ही मिटवतो आहोत,’ एवढे सांगा. पूजेला दोघांचे पाट शेजारी मांडायचे, हे त्यांनी ठरवलेच आहे. तेव्हा तिकिटे काढताना दोन्ही कुटुंबांनी समारंभाच्या किमान चार दिवस आधी पोहोचावे अशी काढा, म्हणजे औक्षणाच्या आदल्या रात्रीपर्यंत ओसरीवर बसायला वेळ मिळेल. रविवारी सकाळी तुमच्याकडे दहा वाजतात, तेव्हा टेक्सासमध्ये नऊ वाजलेले असतात. दिरांना फोन तेव्हा लावा.